परड्यातलं झाड कुणाच्या हाती द्यावं?

गेल्या पंधरवड्यात बांबवड्याहून एका भगिनीचं पत्र आलं. पत्र चांगलं चार पानी आहे, पण प्रश्न एकच. त्या लिहितात, "यजमान नोकरीनिमित्त मुंबईला असतात. घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं. घरामागं परड्यात आंब्याचं जुनं झाड आहे. त्याची एक मोठी फांदी स्वयंपाकघरावर आलेली आहे. गेल्या वळवाच्या पावसात तिचा एक फाटा मोडला आणि सात-आठ कौलं फुटली. नशीब, मुलं तेव्हा सोप्यात होती. आता वखारीचा माणूस रोज फेऱ्या घालतो आहे. 'तुम्ही एक रुपया देऊ नका, लाकूड आमचं, दिवसात परडं मोकळं करून देतो,' म्हणतो. सासूबाई नको म्हणतात. ह्यांना फोन केला तर 'तुला पटेल तसं कर' एवढंच उत्तर. मी काय करू?"

हे पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. घरगुती सल्ल्याच्या या सदरात लोणच्याला बुरशी का येते, लोकरीचे कपडे कसे ठेवावेत, असे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरंही मला चटकन सुचतात. पण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी स्वतः देऊन बसलेली आहे. म्हणून आज आधी माझीच गोष्ट सांगते.

आमचं घर मलकापूरचं. शाहूवाडी तालुक्याचा हा भाग म्हणजे पावसाचं माहेरघर. एकदा मृग लागला की आंबा घाटाकडून येणारा पाऊस गणपतीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. आमच्या परड्यात रायवळ आंब्याची दोन झाडं होती. एकाचं नाव शेंदऱ्या, दुसऱ्याचं खोबऱ्या. शेंदऱ्या स्वयंपाकघराला लागून. आजेसासऱ्यांनी लावलेला. त्याच्या कैरीचं लोणचं आमच्याकडे वर्षभर पुरायचं आणि नणंदांच्या घरीही बरण्या जायच्या.

पण खरं सांगते, मला त्या झाडाचा वैताग आला होता. रोज सकाळी अंगणभर पाला. पन्हळीत पानं अडकून पावसाचं पाणी उलटं भिंतीत मुरायचं. भिंतीला ओल, कोठीतल्या डाळीला जाळी. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. वैशाखात एक दिवस वखारीचा माणूस दारात आला आणि मीच यांच्या मागं लागले, "एकदाचं हलकं करून घ्या ते झाड." सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

तिघं जण आले. दुपारचं जेवण व्हायच्या आत शेंदऱ्याचं डोकं उडवलं होतं. सगळ्या मोठ्या फांद्या छातीएवढ्या बुंध्यापासून तोडलेल्या आणि वर तीन खुंट आभाळाकडे बघत उभे. त्यातला एक पोरगा, माझ्या धाकट्या दिराएवढा असेल, पायात प्लॅस्टिकची चप्पल घालून चढला होता. कमरेला दोर नाही. तो घसरला आणि खालच्या ढिगावर पडला. मनगट मोडलं. त्याच्या मालकानं त्याला रिक्षात घातलं, लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरलं आणि संध्याकाळी परडं मोकळं झालं. खरोखरच एक रुपया लागला नाही. त्या पोराच्या औषधपाण्याचं कुणी पाहिलं, हे विचारायला मी गेले नाही. ती खंत आजही आहे.

पुढं काय झालं? पहिल्या पावसात त्या खुंटांना केरसुणीसारखी फूट आली. मी म्हटलं, बघा, झाड कसं फुटलं! पण अशी फूट आतून उगवलेली नसते, वरच्या सालीतून आलेली असते. ती वाढली, जड झाली आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्यानं सांध्यातून उपटून आली. उघड्या खुंटांत पाणी साठून लाकूड कुजलं. सावली गेल्यामुळं खोडाची साल उन्हानं तडकली, त्या भेगांतून भिरूड शिरला. चौथ्या वर्षी झाड आतून पोकळ झालं आणि ते खरोखरच धोक्याचं म्हणून पाडावं लागलं. आधी ते धोक्याचं नव्हतं. त्याला धोक्याचं आम्ही केलं.

त्या वर्षी सासूबाईंनी बाजारातल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. चव चांगली होती. पण बरणीला दादरा बांधताना त्या एवढंच म्हणाल्या, "पन्हळीवर जाळी बसवली असती तरी चाललं असतं गं." आणि खरंच सांगते, पुढं आम्ही जाळी बसवलीच. दुकानातून पाच-सहा फूट जाळी आणली, तारेनं बांधली, झालं काम!

ज्याची मजुरी लाकडात, त्याचा डोळा लाकडावर

तेव्हा बांबवड्याच्या बाई, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की, झाडाचं काम 'फुकट' कधी करून घेऊ नका. जो माणूस लाकडाच्या बदल्यात काम करतो, त्याला फांदी जितकी जाड तितका फायदा. तो वाईट माणूस असतो असं नाही. त्याचा धंदा लाकडाचा आहे. पण तुम्हाला हवी आहे एक फांदी, आणि त्याला हवं आहे झाड. वाळकी, बांडगुळानं भरलेली, कौलांवर घासणारी बारीक फांदी त्याच्या काय कामाची? कापायला हवी ती नेमकी तीच असते.

म्हणून रोजावर माणूस लावा. रोज किती, किती माणसं, किती दिवस, कोणत्या फांद्या, हे आधी बोलून घ्या. लाकूड तुमचं. चुलीला, बंबाला ठेवा किंवा वेगळं विका. पण कापणाऱ्याची मजुरी आणि लाकडाची किंमत एकात मिसळू नका.

हे काही मी नव्यानं सांगत नाही. आपल्या कोल्हापूरच्याच राज्यात, 1715 च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं आणावं याचे नियम आहेत. आंबा, फणस ही झाडं प्रजेनं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, ती एका वर्षात होत नाहीत, म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असा त्याचा भावार्थ आहे. आणि अगदीच जीर्ण झालेलं, फळ न देणारं झाड हवंच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असंही त्यात बजावलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी राजाच्या आरमाराला जो नियम, तो आज वखारीच्या ट्रॅक्टरला का नको?

माणूस कसा पारखावा?

शेंदऱ्या गेल्यावर खोबऱ्या एकटाच राहिला. 2021 च्या जुलैत जो पाऊस झाला तो आपण कुणीच विसरणार नाही. आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. त्या आठवड्यात रात्री-रात्री खोबऱ्याच्या फांद्या कण्हताना ऐकू यायच्या. पाऊस ओसरल्यावर पाहिलं, तर गोठ्यावरची एक फांदी पूर्ण वाळलेली आणि शेंड्याकडे बांडगुळाचे झुपके. या वेळी मात्र मी घाई केली नाही. चार घरी विचारलं, कुणाच्या झाडाचं काम नीट झालंय? तसं विचारत विचारत आंब्याकडच्या एका वाडीतले एक वयस्क गृहस्थ सापडले. हंगामात आंबे उतरवायचे, नारळ काढायचे, मधाची पोळी काढायची, हेच त्यांचं काम. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

मामा आले आणि कोयता पिशवीतच ठेवून झाडाभोवती दोनदा फिरले. बुंध्यापाशी वाकून माती पाहिली. कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठिकठिकाणी टकटक केलं आणि कान लावला. मग मला विचारलं, "वैनी, झाड पाडायला बलिवलंय का राखायला? दोन्हीची रीत येगळी." त्यानंतर विचारलं, वारा कुठल्या अंगानं येतो, वर आग्या मोहोळ आहे का, विजेची तार कुणाची. रात्री सर पडून गेली होती. सालीवरून हात फिरवून म्हणाले, "साल वली हाय. आज न्हाई." आणि चहा पिऊन परत गेले! दुसऱ्या माणसानं रोज बुडू नये म्हणून तसंच चढून दाखवलं असतं. मी मनात म्हटलं, हाच आपला माणूस.

मैत्रिणींनो, पुरुष माणूस घरी नसला तरी ही पारख तुम्हालाही करता येईल. एवढं बघा:

झाडाला हात लावण्याआधी तो झाड पाहतो का? आल्या-आल्या कुऱ्हाड लावणाऱ्याला परत पाठवा.

त्याच्याकडे करवत आहे का, का नुसती कुऱ्हाड? कुऱ्हाडीनं फांदी पिंजते. धारदार करवतीचा काप गुळगुळीत बसतो.

स्वतःसाठी एक दोर आणि फांदीसाठी दुसरा, असे दोन मजबूत दोर आहेत का? खाली उभा राहायला जोडीदार आहे का? एकट्या माणसाला झाडावर चढवू नका.

तो 'शेंडा मारून टाकू' म्हणतो का? असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

तो प्यालेला नाही ना? संकोच करू नका. वास आला तर सरळ 'आज नको' म्हणा.

जांभूळ आणि शेवगा यांचं लाकूड ठिसूळ. जाड दिसणारी फांदीही कडकन मोडते. या झाडांवर माणूस चढवण्यापेक्षा शिडी लावून, लांब दांड्याच्या आकडीनं किंवा करवतीनं होईल तेवढंच काम करून घ्या. नारळावर चढणारा खोडाला खाचा पाडू लागला तर थांबवा. नारळाच्या खोडाची जखम आंब्यासारखी कडेनं भरून येत नाही, ती जन्मभर राहते आणि सोंड्या भुंगा तिथंच अंडी घालतो. नारळाच्या हिरव्या झावळ्याही उगाच छाटू देऊ नका. वाळलेल्या झावळ्या आणि सुकलेले नारळ तेवढे उतरवून घ्यावेत.

परवानगीचं काय?

इथं बऱ्याच जणी म्हणतात, झाड आमचं, परडं आमचं, कुणाला कशाला विचारायचं? तर तसं नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो. त्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ नुसतं मुळापासून पाडणं असा नाही, जाळणं किंवा कोणत्याही रीतीनं झाडाला इजा करणं हेही त्यातच येतं. शेंदऱ्याचं डोकं उडवलं ते म्हणजे कायद्याच्या नजरेतही साधी छाटणी नव्हती. 2021 च्या दुरुस्तीनं तर 50 वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून आणखी संरक्षण मिळालेलं आहे. आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं सहज त्यात बसतील. गावठाणात किंवा शेतात झाड असेल तर 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, साग ही आपल्याकडची नेहमीची झाडं आहेत.

म्हणून मोठं काम काढण्याआधी नगरपरिषदेत साधा अर्ज द्या. खेड्यात असाल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा वनखात्याच्या कार्यालयात विचारा. अर्जासोबत झाडाचा आणि धोक्याच्या फांदीचा फोटो जोडा. 'परवानगीचं आम्ही बघतो' असं वखारवाला म्हणाला तरी कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. उद्या विचारणा झाली तर ती मालकाकडेच होणार.

फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर मामांसारखा जाणता माणूससुद्धा चढवू नका. महावितरणला 1912 या क्रमांकावर कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या, मगच पुढचं काम.

कापण्याची रीत

काम चालू असताना तुम्ही परड्यात हजर राहा. मात्र फांदीखाली नव्हे, ओसरीत! मुलांना घरात घ्या. वाळवणं, पापड, दोरीवरचे कपडे आधीच हलवा. गाय, म्हैस गोठ्यातून बाहेर बांधा. झाडावर माणूस असताना त्याला चहाला हाक मारू नका. उतरल्यावर पोटभर द्या.

जाड फांदी एका कापात कधी पाडू नये. तशी पाडली की ती स्वतःच्या वजनानं खाली येताना खोडाची साल हातभर सोलून नेते. मामांनी कसं केलं ते सांगते. पहिला काप फांदीच्या खालच्या अंगानं, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा काप त्याच्या थोडा पुढं, वरून. फांदी सुटली, पण साल सोलली नाही. जड फांदी आधीच वरच्या फांदीवरून घेतलेल्या दोरानं बांधलेली होती, जोडीदारानं ती गोठ्याच्या बाजूनं हळूच खाली सोडली. एक कौल फुटलं नाही. उरलेला हातभर खुंट शेवटी तिसऱ्या कापानं काढला.

हा तिसरा काप महत्त्वाचा. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. आपल्या बोटाच्या पेरासारखं. काप त्या कड्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा. कडं कापायचं नाही आणि पुढं खुंटही ठेवायचा नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी गेल्या शतकात हजारो झाडं करवतीनं चिरून आत जखमेचं काय होतं ते पाहिलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून जणू भिंत घालतं आणि बाहेरून नवी साल कडेकडेनं वळत जखम झाकत आणते. ही ताकद त्या कड्यात असते. कडं कापलं तर झाडाचा हातच कापल्यासारखं होतं. आमच्या मामांनी शायगोसाहेबांचं नाव ऐकलेलं नाही. पण करवत लावण्याआधी त्यांचं बोट त्या कड्यावरून फिरत होतं.

एका वर्षात किती कापावं? वाळलेलं, मोडलेलं, एकमेकांवर घासणारं, कौलांवर टेकणारं तेवढंच. हिरवा पाला म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. तेच बंद केलं तर झाड खाणार काय? कमी पडलं तर पुढच्या वर्षी आणखी कापता येतं. जास्त कापलं तर मात्र चिकटवता येत नाही.

फणसाची तर फळंच खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात, तेव्हा 'खालून साफ करून टाका' असं सांगण्याआधी विचार करा.

केव्हा कापावं?

वाळलेली फांदी कोणत्याही कोरड्या दिवशी काढावी, आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत काढली तर उत्तमच. कौलं फुटतात ती बहुधा वळवातच. ओल्या, जिवंत फांदीचं मोठं काम मात्र पाऊस पूर्ण उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढावं. भर पावसात कापलं तर जखमेत पाणी मुरतं आणि वर लावलेलं औषध धुऊन जातं. काम ठरवण्याआधी फांदीवर घरटं नाही ना, एवढं जरूर पाहा. आग्या मोहोळ असेल तर धूर करण्याचा उपद्व्याप घरच्यांनी करू नये. जाणत्या माणसाला बोलवावं.

बांडगूळ आणि भिरूड

आपल्याकडच्या आंब्याचे हे दोन वैरी. बांडगुळाची पानं आंब्यापेक्षा वेगळी, जाडसर दिसतात. पाखरं त्याची फळं खातात, चिकट बी फांदीवर पुसतात आणि ते बी तिथंच मूळ घालून आंब्याचा रस पिऊ लागतं. नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं. ते जिथं चिकटलंय त्याच्या मागं वीत-दीड वीत अंतरावरून फांदीच कापायला हवी. त्याला फळ धरण्याआधी कापलं तर शेजारणीचाही आंबा वाचेल.

भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला की समजावं, पाहुणा आत आहे. सायकलच्या तारेला आकडा करून अळी ओढून काढावी. मग पेट्रोलात किंवा रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात घालून ओल्या चिखलानं तोंड बंद करावं. हे करताना जवळ दिवा, विडी, चूल काही नको. आठ दिवसांनी पुन्हा पाहावं. नवा भुसा दिसला तर परत तेच.

कापलेल्या जागी डांबर किंवा उरलेला ऑइलपेंट फासू नका. त्यानं कूज थांबत नाही. आंब्याच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. ती घरी अशी करता येते: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरवा. निवल्यावर दोन्ही एकत्र ओतून काठीनं ढवळा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, आणि ती पुन्हा स्वयंपाकात आणायची नाहीत. चकचकीत लोखंडी खिळा त्यात क्षणभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घाला. त्याच दिवशी कुंच्यानं लावून संपवा. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि हात साबणानं धुवा.

वर्षभराची निगा

बुंध्याला टेकून फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवू नका. निदान तीन-चार फूट माती मोकळी ठेवा, मुळांनाही हवा लागते. कपड्यांच्या दोरीसाठी खोडात खिळे ठोकू नका. पाला झाडाखाली पेटवू नका. तोच पाला आळ्यात पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. ज्या पाल्यासाठी मी शेंदऱ्या घालवला, त्या पाल्याचं खत आता आमच्या खोबऱ्याला आणि कढीपत्त्याला पुरून उरतं.

आंबा गावच्या देवराईत कुणी वाळकी काडीही मोडत नाही, आणि तिथली झाडं आपली आपण उभी आहेत. रानातल्या झाडाला आपली गरज नसते. त्याची फांदी पडली तर पानांवर पडते. परड्यातल्या झाडाखाली मात्र आपलं घर असतं, पोरं असतात. म्हणून त्याची निगा आपल्याकडे आली.

पाडायचंच झालं तर

झाड कधीच पाडू नये, असं मी म्हणणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं रायगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळानं रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याची झाडं उन्मळली. भीती खोटी नाही. पण भीती वाटणं निराळं आणि धोका असणं निराळं. पहिल्यापासून कललेलं झाड बहुधा त्याच कलानं मुळं धरून असतं. या वर्षी कलू लागलेलं झाड मात्र बघायला हवं. बुंध्याशी एका बाजूनं माती उचलली आहे का, भेग पडली आहे का, खोडाच्या पायथ्याशी अळंबी उगवली आहेत का, ठोकल्यावर ढोलासारखा पोकळ आवाज येतो का? यातलं काही दिसलं तर जाणत्या दोघांना दाखवा, परवानगी घ्या आणि पावसाच्या आत झाड उतरवून घ्या. त्या जागी दुसरं रोप लावा. घरापासून चांगलं लांब!

आता बांबवड्याच्या बाईंना थोडक्यात. तुमची काळजी रास्त आहे आणि तुमच्या सासूबाईंचंही खरं आहे. तुमच्या पत्रावरून कौलांवर आलेली आहे ती एक फांदी, पूर्ण झाड नाही. वखारीच्या माणसाला गोडीनं 'नको' सांगा. ओळखीत रोजानं काम करणारा जाणता माणूस शोधा, आणि त्याला झाड दाखवताना सासूबाईंना शेजारी उभं करा. कुठली फांदी कधी वाळली, कुठल्या बाजूची कैरी आंबट, हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक असणार. माझ्या सासूबाईंना मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. खोबऱ्याच्या वेळी विचारलं. त्या काठी टेकत परड्यात आल्या, मामांना म्हणाल्या, "गोठ्यावरची तेवढी काढा, आडाकडची ऱ्हाऊ द्या, तिला बार येतोय." आणि बार आला. यंदाही आला.

काय ठरलं ते जरूर कळवा. आणि झाड राहिलं तर पुढच्या मोसमात कैरीच्या लोणच्याची तुमच्या सासूबाईंची रीत या सदरासाठी पाठवा. छापायला मला फार आवडेल.